शाळा उभ्या करणाऱ्यांचा सत्कार करायचाय? मग मानपत्र सनदेसारखं लिहा

मार्चमध्ये भाचीचा फोन आला. ती अमेरिकेत मिनेसोटात असते, सेंट पॉलच्या जवळ, तिथल्या एका चार्टर स्कूलमध्ये गणित शिकवते. मे महिन्यात तिकडे चार्टर शाळांचा आठवडा साजरा करतात, त्यात ही चळवळ ज्यांनी उभी केली त्यांच्यासाठी शाळेत एक छोटासा प्रोग्राम करायचं ठरलं होतं आणि सगळं काम हिच्याकडे आलं. म्हणाली, मावशी, तुम्ही बडोद्याला शिक्षकांचे, शाळा काढणाऱ्यांचे सत्कार करता ना, मला नीट सांग कसं करायचं, इथे सगळे म्हणतायत एक ट्रॉफी देऊ, केक कापू, झालं.

दीड तास बोललो आम्ही. नंतर वाटलं हे सगळं लिहूनच काढावं, कारण दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात आम्ही हे शिकलो ते चुका करत करत, आणि आता कारेलीबागेतून, मकरपुऱ्याहून, अगदी इंदूरच्या ओळखीच्या मंडळींकडूनही विचारणा होते की तुमचा प्रोग्राम चांगला होतो तो कसा करता. तर हे घ्या, जसं आठवतंय तसं लिहिते.

सुरुवात करायच्या आधी चळवळ समजून घ्या

हे सगळ्यात जास्त टाळलं जातं. ज्या माणसाचा सत्कार करतोय त्याने नक्की काय केलं हे समितीतल्या पाच जणांना विचारा, पाच वेगवेगळी उत्तरं येतात, आणि मग भाषणात 'शिक्षणक्षेत्रात भरीव योगदान' एवढंच उरतं.

भाचीला मी पहिला प्रश्न हाच विचारला की चार्टर म्हणजे काय ते मला दोन वाक्यात सांग. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की अमेरिकेतली चार्टर शाळा म्हणजे खाजगी शाळा, तर तसं नाहीये. पैसा सरकारचा, मुलांना फी नाही, जागा कमी आणि अर्ज जास्त झाले तर चिठ्ठ्या काढून प्रवेश, पण चालवतं एक स्वतंत्र मंडळ. त्या मंडळाला ठराविक वर्षांसाठी लेखी करार करून देतात की तुम्ही शिकवायची पद्धत, वेळापत्रक, शिक्षक हे तुमच्या मताने ठरवा, पण मुलं काय शिकली याचा हिशोब द्या, नाही दिला किंवा मुलं मागे पडली तर करार संपला, शाळा बंदसुद्धा होऊ शकते.

मी म्हटलं अगं ही तर सनद झाली. बडोदेकरांना सनद काय ते सांगायला नको, आपल्यातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत एखादी पिवळी पडलेली सनद असते, कुणाला काय दिलं, कुठलं, कशाबद्दल आणि त्या बदल्यात काय करायचं हे सगळं एका कागदावर. विशेषणं कमी, मजकूर पक्का. आणि मग माझ्या डोक्यात बसलं की आपलं मानपत्रसुद्धा असंच पाहिजे. पुढचं जे काही सांगणारे ते सगळं यावरच उभं आहे.

सत्कार कोणाकोणाचा

एकच मोठं नाव उचलायचं आणि त्याचा फोटो बॅनरवर लावायचा ही सवय मोडा. कुठलीही शाळेची चळवळ घ्या, त्यात निदान चार प्रकारची माणसं लागतात. एकाला कल्पना सुचते, दुसरा ती मोठ्या आवाजात लोकांपुढे मांडतो, तिसरा तिला कायद्यात किंवा सरकारी हुकुमात बसवतो, आणि चौथा माणूस प्रत्यक्ष सकाळी शाळेचं दार उघडून मुलांची वाट बघत उभा राहतो. चौघांची नावं शोधा.

भाचीने शोधली. रे बड्डी नावाचे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले प्राध्यापक, त्यांनी सत्तरच्या दशकात मांडलं की शिक्षकांच्या गटाला सरळ शिक्षण मंडळाकडून चार्टर द्यावं, मधले साहेब लोक नकोत. कोणी लक्ष दिलं नाही. चौदा-पंधरा वर्षं कागद तसेच पडून राहिले, मग १९८८ साली त्यांनी ते परत छापलं. त्याच वर्षी ३१ मार्चला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये अल्बर्ट शँकर यांनी भाषण केलं, ते होते अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष, म्हणजे विचार करा, शिक्षकांच्या युनियनचा नेता उभा राहून म्हणतोय की शिक्षकांना नव्या प्रकारची शाळा काढून बघू द्या. आणि चार्टर हे नाव बड्डींचं आहे हे त्यांनी नंतर लेखात जाहीर लिहिलं. ही गोष्ट मला फार आवडली, दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला देणारा माणूस सत्काराला आधी लायक.

मग मिनेसोटाच्या सिनेटर एम्बर रायकगॉट यांनी कायदा आणला, १९९१ साली गव्हर्नर आर्नी कार्लसन यांची सही झाली, अमेरिकेतला पहिला चार्टर कायदा. पण त्यात तडजोडी इतक्या झाल्या की अख्ख्या राज्यात फक्त आठ शाळांना परवानगी. आणि चौथी व्यक्ती मायलो कटर, शिक्षिका, यांनी सहकाऱ्यांबरोबर सप्टेंबर १९९२ मध्ये सेंट पॉलला सिटी अकॅडमी उघडली, देशातली पहिली चार्टर शाळा, आणि ती उघडली कोणासाठी तर शाळा अर्धवट सोडलेल्या पोरांसाठी. भाचीच्या घरापासून काही फार लांब नाही ती जागा, आणि हिच्या शाळेत निम्म्या लोकांना ते माहीतच नव्हतं!

आता आपल्या गावचं बघा. १८७५ साली बारा वर्षांचा गोपाळ कवळाण्याहून बडोद्याला दत्तक आला तेव्हा त्याला धड लिहितावाचता येत नव्हतं, अक्षरओळखीपासून सुरुवात. हाच मुलगा म्हणजे पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव. त्यांनीच १८९३ साली अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून बघितलं आणि १९०६ साली सगळ्या राज्याला लागू केलं, मुलींसकट. आधी एका भागात करून बघायचं, तेरा वर्षं अनुभव घ्यायचा, मग पसरवायचं. गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडलं तेव्हा दाखला बडोद्याचाच होता.

पण महाराजांचं नाव घेऊन थांबलात तर चौघांतले तीन राहिले. १८९० साली कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची शाळा, निघालं त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. १९१० साली महाराज अमेरिकेला गेले तिथून विल्यम बॉर्डन नावाचा लायब्ररियन घेऊन आले, त्याने सेंट्रल लायब्ररी लावून दिली, लायब्ररी चालवायला माणसं शिकवली, तीन वर्षांनी परत गेला, आणि गावोगावी ती वाचनालयं पोचवण्यात राबले मोतीभाई अमीन. हंसाबेन मेहता, ३० एप्रिल १९४९ ला महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी सुरू झाली तिच्या पहिल्या कुलगुरू. यातली किती नावं तुमच्या मुलांना माहितीयेत ते आज जेवताना विचारून बघा.

आणि मोठी नावं झाली की तुमच्या स्वतःच्या शाळेवर या. पट्टेवाले काका ज्यांनी पावसात छपराखाली बादल्या ठेवून वर्ग चालू ठेवला, क्लार्क ज्यांनी मुलांच्या फीचे हप्ते पाडून दिले, बालवाडीच्या बाई. हे लोक हयात आहेत, वाडीत, रावपुऱ्यात, घडियाळी पोळात राहतात, त्यांना भेटता येतं. सयाजीरावांना हार घालायला काळ्या घोड्यापाशी, म्हणजे त्यांच्या पुतळ्यापाशी, वर्षभर लोक येतात, यांच्याकडे कोणी जात नाही.

घरी जा, आणि माहिती कागदावरून घ्या

फोनवर माहिती घेऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर बिलकुल नको. घरी जा, दोघंजण जा, एकाने बोलायचं एकाने लिहायचं.

आमच्या पहिल्या सत्कारात आम्ही हे केलं नव्हतं. एका प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई, ऐंशी पार केलेल्या. मानपत्र आम्ही आधीच्या कुठल्यातरी कार्यक्रमाच्या नमुन्यावरून लिहिलं, ज्ञानाचा नंदादीप, संस्कारांचा वटवृक्ष, समर्पणाची मूर्ती, सगळं होतं. नोकरीचं वर्षसुद्धा चुकीचं छापलं. वाचून झालं, टाळ्या झाल्या, बाईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, यात माझी शाळा कुठाय गं? त्या रागावल्या नव्हत्या. खरंच शोधत होत्या.

मला रात्री झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली आणि विचारलं बाई सांगा तुम्ही काय केलं. त्यांनी कपाटावरून एक पत्र्याची पेटी काढायला लावली. आत लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या. शाळेचा हजेरीपट शाळेत असतो, या त्यांच्या स्वतःच्या. डाव्या बाजूला मुलीचं नाव, मधे तारीख, उजवीकडे का आली नाही. धाकटा भाऊ तापाने आजारी, हिलाच बघायचंय. आई कामाला. पावसाने वाट बंद. आणि डिसेंबरच्या पानांवर खालपासून वरपर्यंत एकच शब्द, पतंग, पतंग, पतंग. उत्तरायणाच्या आधी त्या वस्तीत घरोघर पतंग चिकटवायचं काम, मुलींचे हात लहान आणि चपळ, म्हणून त्यांना घरी बसवायचे. मग बाईंनी काय केलं, तर भांडण नाही केलं, तक्रार नाही केली, त्या एका महिन्यात त्या मुलींना सकाळी आठला बोलावलं, दोन तास शिकवलं आणि कामाच्या वेळेला घरी सोडलं. दरवर्षी. वहीत त्या सकाळच्या हजेरीचे टिक आहेत, पेन्सिलीने.

हे होतं मानपत्रात यायला पाहिजे ते. आणि ते आम्हाला मिळालं सत्कार होऊन गेल्यावर.

म्हणून काय काय बघायचं ते सांगते. शाळेतलं जनरल रजिस्टर, त्यात मुलं कधी आली कधी गेली सगळं असतं, मुख्याध्यापकांना अर्ज देऊन बघायला मिळू शकतं. जुने वार्षिक अहवाल, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका. माजी विद्यार्थ्यांचे दाखले. ग्रुप फोटो, आणि फोटोच्या मागची बाजू नक्की बघा, नावं तिथेच लिहिलेली असतात. नेमणुकीचं पत्र, निवृत्तीचं पत्र. तारीख दोन ठिकाणी जुळली तरच छापा, नाही जुळली तर तारीख न लिहिता काम लिहा, काम चुकत नाही. जन्मतारखेला विशेष जपा, जुन्या लोकांची शाळेतली तारीख एक आणि खरी दुसरी असते, त्यांनाच विचारा कुठली लिहू. आणि कागद घरी नेऊ नका, मोबाईलवर तिथेच स्कॅन करा, पेटी जशी होती तशी परत वर ठेवून या.

मानपत्र कसं लिहायचं

आता मुख्य काम. एका पानाचं करा, मोठ्या अक्षरात, कारण ते चष्मा लावून वाचलं जाणारे. पहिल्या ओळीत कोण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत. मग एकच काम, नीट उलगडून, म्हणजे आधी काय अडचण होती, यांनी काय केलं, त्याने काय बदललं. शेवटी कोण हे मानपत्र देतंय आणि का त्यांना ते देण्याचा हक्क आहे. संपलं.

बाईंसाठी आम्ही वर्षाने दुसरं मानपत्र केलं, त्यातला मधला भाग असा होता: "डिसेंबरात वर्ग निम्मा रिकामा होई. मुली घरी पतंग चिकटवत. आपण त्यांना सकाळी आठ वाजता बोलावून दोन तास शिकवलंत आणि कामाच्या वेळेला घरी सोडलंत, म्हणून त्यांचं वर्ष वाया गेलं नाही आणि घरचा पैसाही बुडला नाही. त्या मुलींपैकी अकरा जणी आज या हॉलमध्ये बसल्या आहेत." बास. एकही वटवृक्ष नाही. हे वाचत असताना मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली, मग दुसरी, कोणी सांगितलं नव्हतं त्यांना उभं राहायला, आणि बाई एकेकीचं नाव घ्यायला लागल्या, आडनावं माहेरची.

एक सोपी परीक्षा सांगते. लिहिलेल्या मानपत्रातलं नाव खोडा आणि तिथे दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाचं नाव घाला. तरी ते चालतंय का? चालत असेल तर फाडा आणि परत त्यांच्या घरी जा.

भाषा कुठली हा प्रश्न बडोद्यात येणारच. आम्ही मानपत्र मराठीत करतो आणि मागच्या बाजूला गुजरातीत पूर्ण मजकूर छापतो, सारांश नाही पूर्ण, कारण निम्मे विद्यार्थी गुजराती, आणि आपल्याच नातवंडांना देवनागरीपेक्षा गुजराती पटकन वाचता येतं हे आता मान्य करायला पाहिजे. भाचीला मी म्हटलं इंग्रजीच्या बरोबर तुझ्या शाळेतली मुलं घरी जी भाषा बोलतात त्यात पण कर.

न आवडणारी बाजू गाळू नका

यावर आमच्या समितीत खूप वाद झालाय आणि माझं मत पक्कं आहे. सत्कार म्हणजे आरती नाही. ज्याने चळवळ केली त्याने तिच्यावर नंतर टीका केली असेल, किंवा चळवळ कुठेतरी कमी पडली असेल, तर ते त्याच कार्यक्रमात, आदराने, सांगा.

शँकर यांचंच घ्या. पाच-सहा वर्षांत त्यांना दिसायला लागलं की चार्टरच्या नावाखाली नफा कमावणाऱ्या कंपन्या शिरतायत, शिक्षकांच्या हातात शाळा द्यायची ही मूळ गोष्ट बाजूला पडतेय, आणि त्यांनी उघड विरोध केला. १९९७ साली ते गेले. भाचीच्या शाळेत काहींचं म्हणणं होतं की मग त्यांचं नाव घेऊच नये, आपण चार्टरवाले, ते विरोधक. मी म्हटलं उलट, दोन्ही सांगा, भाषणही आणि विरोधही, ज्याने झाड लावलं त्यालाच कीड आधी दिसते. आजही तिकडे या शाळांवरून लोकांत दोन तट आहेत, सरकारी शाळांचा पैसा यात जातो म्हणणारे आहेत, आणि माझ्या मुलाला याच शाळेने सावरलं म्हणणारे आईबाप आहेत, दोघं हॉलमध्ये बसणारच आहेत.

आपल्याकडचं सांगते. सयाजीरावांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली हे प्रत्येक जयंतीला सांगितलं जातं, टाळ्या पडतात. पण १९१७ साली तेच आंबेडकर करारानुसार नोकरीला बडोद्याला आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही हाकललं, आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले, हे सांगताना आवाज बारीक होतो. तसं होऊ देऊ नका. शिष्यवृत्ती देणारं राज्य आणि खोली नाकारणारं शहर, दोन्ही आपलंच. आम्ही ११ मार्चच्या जयंतीच्या कार्यक्रमात हे दोन्ही एकाच माणसाकडून एकाच दमात वाचून घेतो, आणि मी बघितलंय, त्या दोन मिनिटात मुलं सगळ्यात जास्त शांत असतात.

दिवस, जागा, वेळ

११ मार्च सयाजीरावांची जयंती, चांगला दिवस, पण बोर्डाच्या परीक्षा त्याच सुमाराला असतात म्हणून दहावी-बारावीची मुलं आणि त्यांचे पालक येणार नाहीत हे धरून चला. ५ सप्टेंबर नको, त्या दिवशी शिक्षकांना चार ठिकाणी बोलावणं असतं. गणपतीत मंडळाची माणसं दमलेली, नवरात्रात बडोद्यात संध्याकाळी सातनंतर कोणी मिळणार नाही. मे महिन्यात सुट्टीला सगळे गावी. आम्हाला जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरचा दुसरा रविवार बरा पडतो.

जागा शक्य असेल तर शाळाच घ्या. एसी हॉलपेक्षा शाळेचा वर्ग चांगला, बाकं तीच, फळा तोच, सत्कारमूर्तीला तिथे वेगळंच वाटतं. तळमजल्यावर. जिना चढायला लावू नका. रिक्षा दारापर्यंत येते का, बाथरूम जवळ आहे का आणि त्याची कडी लागते का, पाणी आहे का, हे आदल्या दिवशी जाऊन स्वतः बघा. खुर्ची हाताची पाहिजे, सोफा नको, सोफ्यातून म्हाताऱ्या माणसाला उठता येत नाही आणि उठवताना फोटो काढतात लोक, ते वाईट दिसतं.

वेळ दीड तास, जास्त नाही. आणि क्रम उलटा करा. आपल्याकडे आधी पाहुणे बोलतात, मग अध्यक्ष, मग आणखी कोणी, आणि ज्याच्यासाठी जमलोय त्याला शेवटची पाच मिनिटं, तोपर्यंत वडे गार झाले म्हणून लोक मागे निघालेले. आम्ही आधी एक माजी विद्यार्थी बोलायला लावतो, चार मिनिटं, एकच आठवण. लगेच मानपत्र, ते सध्या शिकणारी मुलगी किंवा मुलगा वाचतो, तीनदा प्रॅक्टिस करून. मग शाल, श्रीफळ, आणि लगेच सत्कारमूर्तीचं बोलणं, जितका वेळ त्यांना पाहिजे तितका. पाहुणे नंतर. जे पाहुणे म्हणाले की मला आधी बोलून निघायचंय त्यांना आम्ही सांगतो की मग पुढच्या वर्षी या. माईक हातात धरायला एक माणूस शेजारी ठेवा, थरथरत्या हातात माईक देऊ नका.

हार एकच. बुके नकोत, ते घरी जाऊन सुकतात. द्यायचंच तर त्यांच्या वर्गाचा जुना ग्रुप फोटो साफ करून मोठा करून फ्रेममध्ये द्या, खाली सगळ्या मुलांची नावं लिहून. खाण्यात भाकरवडी, पेढा, चहा पुरे झाला.

पैशाचं एकच सांगते. देणगी घ्या पण देणगीदाराचं नाव मानपत्रावर नाही, बॅनरवर नाही, स्टेजवर नाही. हिशोब लिहून फळ्यावर लावा त्याच दिवशी, आले किती गेले किती.

नाव देणं हासुद्धा सत्कारच

सातार्‍याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली हायस्कूल काढलं, त्याचं नाव महाराजा सयाजीराव हायस्कूल. गाव सातारा, नाव बडोद्याच्या राजाचं, कारण शिक्षण घराघरात न्यायची ओढ दोघांची एकच. तर तुमच्या हातात शाळा नसेल पण वाचनाचा कोपरा असेल, विज्ञानाची खोली असेल, मैदानातला एखादा कट्टा असेल, तर त्याला त्या माणसाचं नाव द्या आणि पाटीवर नावाखाली एक ओळ कामाची लिहा. नुसत्या नावाच्या पाटीकडे दहा वर्षांनी बघून कोणालाच काही कळत नाही.

कार्यक्रम झाल्यावर

दुसऱ्या दिवशी फोटो ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. आठ दिवसात परत घरी जा आणि आवाज रेकॉर्ड करा, मोबाईल चालतो, पंखा बंद करायला सांगा. काय विचारायचं? पहिल्या दिवशी वर्गात किती मुलं होती, पगार किती होता, कुठल्या मुलाची काळजी अजून वाटते. शेवटच्या प्रश्नाला सगळे बोलतात. मानपत्र, रेकॉर्डिंग, स्कॅन केलेले कागद यांच्या तीन प्रती करा, एक घरच्यांना, एक शाळेला, एक जवळच्या वाचनालयाला, पेन ड्राइव्ह आणि छापील दोन्ही.

भाचीचा कार्यक्रम मे महिन्यात झाला. केक होता, पण आधी आठवीतल्या एका मुलाने चार मानपत्रं वाचली, बड्डी, शँकर, रायकगॉट, कटर, प्रत्येक एका पानाचं. पाचवं त्यांच्या शाळेच्या बस ड्रायव्हर आजींसाठी होतं, त्यांनी बर्फात गाडी अडकली तेव्हा मुलांना जवळच्या दुकानात बसवून गाडीतच ठेवलेल्या गोष्टीच्या पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. त्या गाडीत कायम पुस्तकांचा खोका ठेवतात म्हणे.

खोका ऐकल्यावर मला बॉर्डनच्या पेट्या आठवल्या. बडोदे राज्यात लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगावी पाठवायचे, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. तेच आम्ही यंदा बाईंच्या नावाने सुरू केलंय. सागवानी पेटी मिळाली नाही, प्लायवूडची करून घेतली, आत चाळीस पुस्तकं, मराठी गुजराती निम्मी निम्मी, झाकणाच्या आतल्या बाजूला ते दुसरं मानपत्र चिकटवलंय. पेटी एका घरात दोन महिने राहते, आजूबाजूच्या मुलांनी तिथे येऊन वाचायचं किंवा वहीत नाव लिहून घरी न्यायचं. सध्या ती वाडीत आहे, दिवाळीनंतर कारेलीबागेत जाईल, उत्तरायणाच्या आधीचा डिसेंबर मात्र तिने पतंगवाल्यांच्या वस्तीतच काढायचा असं बाईंनी सांगून ठेवलंय. कोणाला पेटी घ्यायची असेल तर तळमजल्यावरची खोली लागेल, एक सतरंजी, एक वही आणि घरात संध्याकाळी पाच ते सात कोणीतरी मोठं माणूस.